स्पॅनिशमध्ये भावना आणि मते सांगताना गौण वाक्यातले क्रियापद केव्हा बदलते?

प्रश्न (नाशिकहून)

नमस्कार. मी गेली दोन वर्षे स्पॅनिश शिकत आहे आणि येत्या नोव्हेंबरमध्ये देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेची बी २ पातळी देण्याचा विचार आहे. वर्तमानकाळ, दोन्ही भूतकाळ, सर्वनामांच्या जागा हे सगळे आता बऱ्यापैकी अंगवळणी पडले आहे. परंतु 'के' या अव्ययाने जोडलेले गौण वाक्य आले, आणि तेही भावना किंवा मत सांगणाऱ्या वाक्याच्या पोटात आले, की माझा गोंधळ उडतो. गेल्या आठवड्यात शिक्षकांनी माझा निबंध तपासून परत दिला. त्यातील तीन दुरुस्त्या मी खाली देत आहे. (स्पॅनिश वाक्ये देवनागरीत लिहिते. 'व्ही' आणि 'बी' या दोन्ही अक्षरांचा उच्चार तिथे 'ब' असाच होतो, म्हणून 'ब' लिहिला आहे.)

मी लिहिले होते, 'मे आलेग्रो दे के बीबेस सेर्का', म्हणजे तू जवळ राहतेस याचा मला आनंद आहे. शिक्षकांनी 'बीबेस' खोडून 'बीबास' केले. पुढे मी लिहिले होते, 'नो क्रेओ के एस ब्वेना इदेआ', म्हणजे ती चांगली कल्पना आहे असे मला वाटत नाही. तिथे 'एस'चे 'सेआ' झाले. या दोन दुरुस्त्यांवरून मी असा निष्कर्ष काढला की भावना आणि मते यांच्यामागे सब्जंक्टिव्ह ('बीबास', 'सेआ' यांसारखे बदललेले रूप) येतो. निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात मी नेमके तेच करून ठेवले होते: 'क्रेओ के सेआ ऊतिल', ते उपयुक्त आहे असे मला वाटते. तिथे मात्र 'सेआ' खोडून पुन्हा 'एस' केलेले आहे.

विचारले तेव्हा शिक्षकांनी चाळीसहून अधिक क्रियापदांची एक यादी दिली आणि ती पाठ करायला सांगितले. यादी पाठ करायला माझी हरकत नाही, पण मला त्यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. सब्जंक्टिव्ह हे शंका किंवा अनिश्चितता दाखवणारे रूप आहे असे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितले होते. मग माझी मैत्रीण खरोखरच दोन गल्ल्या सोडून राहते, मी रोज तिच्याकडे जाते, आणि तरीही तिथे शंकेचे रूप कशासाठी? उलट 'क्रेओ' म्हणताना मला पूर्ण खात्री नसतेच, तरी तिथे निश्चिततेचे रूप का? मला तर हे सगळे उलटेच वाटते. कोणी मराठीच्या अंगाने समजावून सांगू शकेल का?

उत्तर १ (ठाण्याहून)

कारणांच्या मागे फार लागू नका. मी लागलो होतो आणि त्यात वर्ष गेले. चार गोष्टी लक्षात ठेवल्या तर परीक्षेपुरते भागते. मुख्य वाक्यात भावना असेल (आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य) तर गौण वाक्यात सब्जंक्टिव्ह. इच्छा, विनंती किंवा आज्ञा असेल तर सब्जंक्टिव्ह. मत होकारार्थी असेल तर इंडिकेटिव्ह, म्हणजे साधे रूप ('बीबेस', 'एस'), नकारार्थी असेल तर सब्जंक्टिव्ह. आणि मुख्य वाक्याचा व गौण वाक्याचा कर्ता एकच असेल तर 'के' न वापरता सरळ मूळ क्रियापद.

रूपे बनवण्याची युक्ती ठाऊक असेलच, तरी लिहून ठेवतो. 'मी'चे वर्तमानकाळी रूप घ्यायचे, शेवटचा 'ओ' काढायचा आणि स्वर उलटा करायचा: 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदांना 'ए', 'एर' आणि 'इर'ने संपणाऱ्यांना 'आ'. म्हणून 'कान्तो'चे 'कान्ते', 'बीबो'चे 'बीबा', 'बेंगो'चे 'बेंगा'. या युक्तीत न बसणारी सहाच आहेत आणि ती पाठच करावी लागतात: सेआ, एस्ते, बाया, आया, सेपा, दे.

उत्तर २ (पुण्याहून, शिकवणारी)

वरच्या उत्तरातले नियम बरोबर आहेत आणि सहा अनियमित रूपे खरोखरच पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. तथापि प्रश्नकर्त्या ताईंनी जे विचारले आहे ते नियमांच्या पलीकडचे आहे आणि त्याला उत्तर आहे.

तिढा 'शंका' या शब्दापाशी आहे. सब्जंक्टिव्ह म्हणजे शंकेचे रूप, ही वर्गात सोयीसाठी सांगितली जाणारी अर्धवट गोष्ट आहे आणि भावनांच्या वाक्यांशी गाठ पडली की ती लगेच उघडी पडते. सब्जंक्टिव्ह एवढेच सांगतो की गौण वाक्यातला मजकूर बोलणारा 'ही घ्या माहिती' म्हणून पुढे ठेवत नाही. तो का ठेवत नाही याची कारणे वेगवेगळी असू शकतात. कधी त्याला तो मजकूर पटत नाही (नो क्रेओ के). कधी तो मजकूर अजून घडलेला नसतो, घडावा अशी त्याची इच्छा असते (क्येरो के). आणि कधी तो मजकूर दोघांनाही आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो पुन्हा मांडण्याचे कारणच नसते आणि बोलणारा त्यावर फक्त आपली प्रतिक्रिया देत असतो. तुमची मैत्रीण जवळ राहते हे तिला सांगण्याची गरज नाही, तिचे घर तिला माहीत आहे. त्या वाक्यात नवी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तुमचा आनंद. म्हणून आनंद इंडिकेटिव्हमध्ये आणि राहणे सब्जंक्टिव्हमध्ये.

'क्रेओ'चे याच्या नेमके उलट आहे. 'क्रेओ के एस ऊतिल' या वाक्यात तुम्ही ऐकणाऱ्याला खरोखर काय सांगत आहात? 'मी एक विश्वास बाळगते' हे नव्हे, तर 'ते उपयुक्त आहे' हे. 'क्रेओ' हा त्यामागे लावलेला सौम्य शिक्का आहे. ठामपणा कमी असेल, परंतु माहिती मांडली गेली आहे, आणि मांडली म्हणून इंडिकेटिव्ह. इंग्रजीतून स्पॅनिशच्या व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये जोन हूपर आणि ट्रेसी टेरेल यांनी १९७४ साली क्रियापदाच्या रूपाची निवड अशीच 'प्रतिपादन' या कल्पनेवर आधारून दाखवली होती. तेव्हापासून शंका-निश्चितीच्या विभागणीपेक्षा ही विभागणी अधिक नेमकी मानणारे शिक्षक बरेच आहेत. याला पुष्टी देणारा एक वाक्प्रचार पाहा: 'एल एचो दे के', म्हणजे 'अमुक आहे ही वस्तुस्थिती'. शब्दशः वस्तुस्थिती असूनही त्याच्यामागे पुष्कळदा सब्जंक्टिव्ह येतो: 'एल एचो दे के बीबास सेर्का आयुदा मुचो', तू जवळ राहतेस याची फार मदत होते.

आता मराठीच्या अंगाने. आपल्या शालेय व्याकरणात मिश्रवाक्यातल्या या गौण वाक्याला नामवाक्य म्हणतात, आणि क्रियापदाच्या रूपांना स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार 'अर्थ' आहेत. स्पॅनिशमधील 'मोदो' म्हणजे हाच अर्थ. इंग्रजी माध्यमातून स्पॅनिश शिकणाऱ्याला क्रियापद असे बदलते हेच नवलाचे वाटते. आपल्याला तसे वाटण्याचे काही कारण नाही. 'तो येईल असे मला वाटते' आणि 'तो यावा असे मला वाटते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. मुख्य वाक्य अक्षरशः तेच आहे, फक्त 'येईल'चे 'यावा' झाले आणि मताची इच्छा झाली. 'क्रेओ के ब्येने' आणि 'क्येरो के बेंगा' यांच्यात हाच फरक आहे, इतकेच की स्पॅनिशने मुख्य क्रियापदही बदलले आहे.

इच्छेच्या बाजूला मराठी आपल्याला आणखी एक गोष्ट फुकट देते. 'मला जावेसे वाटते' आणि 'तू जावेस असे मला वाटते' यांत पहिल्या वाक्यात कर्ता एकच आहे, म्हणून 'जावे' आणि 'असे' एकमेकांत मिसळून गेले. दुसऱ्यात कर्ते दोन आहेत, म्हणून नामवाक्य वेगळे उभे राहिले. स्पॅनिशमध्येही 'क्येरो इर' आणि 'क्येरो के बायास'. तसेच 'तुला पाहून आनंद झाला' म्हणताना पाहणारी आणि आनंदणारी व्यक्ती एकच असते म्हणून आपण '-ऊन'चे रूप वापरतो. स्पॅनिश तिथे 'मे आलेग्रो दे बेरते' म्हणते, 'के' येत नाही. मात्र हे बंधन भावना आणि इच्छा यांपुरतेच आहे. मत सांगताना कर्ता एकच असला तरी 'के' चालते: 'क्रेओ के तेंगो रासोन', माझे बरोबर आहे असे मला वाटते.

भावनांच्या वाक्यांची ठेवणही आपली जन्मजात ओळखीची आहे, आणि याचे मला दरवर्षी नव्याने कौतुक वाटते. मला आवडते, मे गुस्ता. मला आंबे आवडतात, मे गुस्तान लोस मान्गोस. म्हणजे क्रियापदही आंब्यांप्रमाणे अनेकवचनी होते. मला राग येतो, मे दा राब्या. मला भीती वाटते, मे दा म्येदो. मला लाज वाटते, मे दा बेर्ग्वेन्सा. ज्याला भावना होते त्याला चतुर्थी आणि भावना ज्याची होते तो कर्ता, ही रचना इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांना महिनोन्‌महिने छळते. मराठी माणसाने तिच्यावर एक तासही घालवू नये.

पण पुढच्याच पावलावर मराठी आपल्याला पाडते. 'तू आलास याचा मला आनंद झाला' यातले 'आलास' हे साधे स्वार्थी रूप आहे. मराठीत भावना व्यक्त करताना गौण वाक्याचे क्रियापद बदलत नाही, आणि म्हणूनच तुमच्या हातून 'बीबेस' लिहिले गेले. नकारार्थी मताचेही तेच: 'तो येईल असे मला वाटत नाही' यात 'येईल' जसेच्या तसे राहते, स्पॅनिशमध्ये मात्र 'बेंगा' होते. थोडक्यात, इच्छेच्या वाक्यात मराठीवर विसंबा, भावनेच्या आणि नकाराच्या वाक्यात विसंबू नका.

तरीही मराठीत एक खूण दडलेली आहे, ती मी वर्गात वापरते. आपण मत सांगतो तेव्हा नामवाक्याला 'असे' लावतो: असे वाटते, असे दिसते, असे माझे मत आहे. भावना सांगतो तेव्हा 'असे' चालत नाही, तिथे 'हे' किंवा त्याची विभक्तीची रूपे येतात: याचा आनंद, याचे आश्चर्य, याची भीती, हे आवडते, हे बरे झाले. 'तू आलास असे मला आनंद झाला' कोणी म्हणत नाही. 'असे' आपल्यासमोर मजकूर मांडते, आणि 'हे' आधीच मांडलेल्या मजकुराकडे बोट दाखवते. जिथे मराठीत 'हे' किंवा 'याचा' येईल तिथे सब्जंक्टिव्ह. जिथे होकारार्थी 'असे' आणि साधे क्रियापद येईल तिथे इंडिकेटिव्ह. 'मे पारेसे के' (मला असे वाटते की) आणि 'मे पारेसे ब्येन के' (हे मला योग्य वाटते) यांची रूपे वेगळी का, हे याच खुणेने सुटते: पहिल्यामागे 'एस', दुसऱ्यामागे 'सेआ'.

उत्तर ३ (व्हॅलेन्सियाहून)

मी इथे सहा वर्षे राहत आहे, व्याकरण शिकवत नाही. पण एका क्रियापदाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण त्याने माझी फजिती केली आहे. ते क्रियापद म्हणजे 'सेन्तीर'.

माझ्या एका सहकारी बाईंचे वडील आजारी पडले. मी त्यांना भ्रमणध्वनीवर संदेश पाठवला, 'स्येन्तो के तू पाद्रे एस्ता एन एल ओस्पिताल'. माझ्या मते मी लिहिले होते, तुझे वडील रुग्णालयात आहेत याचे मला वाईट वाटते. 'एस्ता' हे इंडिकेटिव्ह असल्यामुळे त्या वाक्याचा सरळ अर्थ मात्र असा होतो की तुझे वडील रुग्णालयात आहेत असे मला जाणवत आहे, जणू मला घरबसल्या दृष्टान्त झाला. संदर्भावरून त्यांना काय ते कळलेच आणि त्यांनी आभारही मानले. वडील घरी आल्यानंतर एके दिवशी कॉफी पिताना त्यांनी मला हसत विचारले की आज तुला आणखी काय काय जाणवते आहे. तेव्हापासून 'स्येन्तो के एस्ते' माझ्या डोक्यात कोरले गेले आहे.

पुण्याच्या ताईंच्या खुणेने पाहिले तर हे चपखल बसते: 'याचे वाईट वाटते' म्हणून सब्जंक्टिव्ह, 'असे जाणवते' म्हणून इंडिकेटिव्ह. क्रियापद एकच, आणि अर्थ कोणता तो गौण वाक्यातला एक स्वर ठरवतो. 'तेमेर'चेही असेच आहे. 'तेमो के नो आया सीत्यो' म्हणजे जागा नसेल याची मला भीती आहे. पण उपाहारगृहाच्या दारात उभा असलेला माणूस 'मे तेमो के नो आय सीत्यो' म्हणतो, तेव्हा त्याला कसलीही भीती नसते. तो 'माफ करा, जागा नाही' ही माहिती सभ्यपणे देत असतो, आणि माहिती देतो म्हणून 'आय', इंडिकेटिव्ह. मराठीत आपण अशा वेळी भीतीचा उल्लेखही करत नाही, त्यामुळे हा प्रयोग ऐकून ऐकूनच अंगवळणी पडतो.

आणखी एक. नकार दिसला की डोळे मिटून सब्जंक्टिव्ह, असे करू नका. 'नो क्रेएस के आसे कालोर?' म्हणजे 'उकडते आहे, नाही का?' या प्रश्नात नकाराचे रूप आहे, पण बोलणारा उकाड्याबद्दल आपले मत मांडतोच आहे, म्हणून 'आसे' हे इंडिकेटिव्हच राहते. 'नो क्रेआस के एस फासिल', सोपे आहे असे समजू नकोस, इथेही इंडिकेटिव्ह. याउलट माझे मेक्सिकोचे मित्र साध्या होकारार्थी प्रश्नातही 'क्रेएस के युएबा?' असे सर्रास सब्जंक्टिव्ह वापरतात, तर इथली माणसे तोच प्रश्न इंडिकेटिव्हमध्ये विचारतात. दोन्ही स्पॅनिशच आहे. परीक्षेत मात्र सुरुवातीला जो प्रदेश धराल तोच शेवटपर्यंत धरा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. 'हे' आणि 'असे' यांची खूण मी काल रात्री वहीतल्या तीस वाक्यांना लावून पाहिली. सव्वीस सुटली, चार अडली. 'तू गातेस हे मला माहीत आहे', 'तू गातेस हे खरे आहे', 'तू गातेस हे उघड आहे', 'तू गातेस हे माझ्या लक्षात आले'. मराठीत चारही ठिकाणी 'हे' येते, पण शिक्षकांच्या यादीत 'से के' आणि 'एस बेर्दाद के' यांच्यापुढे ठळकपणे इंडिकेटिव्ह लिहिलेले आहे. खूण इथे चुकते की माझे काही चुकते?

दुसरी शंका काळाबद्दल. मुख्य वाक्य भूतकाळात गेले की माझी पंचाईत होते. तू आलास याचा आनंद आहे, आनंद झाला, तू आलास तर आनंद होईल, या तिघांना स्पॅनिशमध्ये एकच रूप चालत नाही एवढेच मला कळले आहे.

उत्तर ४ (पुण्याहून)

खूण चुकते, तुमचे काही चुकत नाही. मी ती अपुरी सांगितली, हा माझा दोष. जाणणे, खरे असणे, उघड असणे, लक्षात येणे यांना मराठीत 'हे' लागते, पण या शब्दांचे कामच मुळी मजकूर खरा आहे असे सांगण्याचे आहे. त्यात मजकुरावर प्रतिक्रिया नाही, उलट मजकुरावर मोहोर उमटवलेली आहे. म्हणून 'से के कान्तास', 'एस बेर्दाद के कान्तास', दोन्ही इंडिकेटिव्ह. मोहोर काढून घेतली की रूप बदलते: 'नो एस बेर्दाद के कान्तेस', तू गातेस हे खरे नाही. गंमत म्हणजे न जाणण्याने बहुधा तसे होत नाही. 'नो साबीया के एस्ताबास आकी', तू इथे आहेस हे मला माहीत नव्हते, यात बोलणाऱ्याला आता ते माहीत झाले आहे आणि तो ते मान्यही करतो आहे, म्हणून इंडिकेटिव्हच अधिक आढळतो. तेव्हा खुणेला एवढी पुस्ती जोडा: 'हे' नंतर भावना किंवा मूल्यमापन आले तर सब्जंक्टिव्ह, खरेपणाची ग्वाही आली तर इंडिकेटिव्ह.

'तू गातेस ते मला आवडते' या वाक्यात आणखी एक खाचखळगा आहे. 'हे'च्या जागी 'ते' आले की मराठीत अर्थ दुपदरी होतो: तू गातेस ही गोष्ट आवडते, की तू जे गातेस ते गाणे आवडते? पहिला अर्थ असेल तर 'मे गुस्ता के कान्तेस', दुसरा असेल तर 'मे गुस्ता लो के कान्तास'. दुसऱ्यात नामवाक्य नाही, ते विशेषणवाक्य आहे, आणि तुम्हाला ठाऊक असलेल्या गाण्याबद्दल असल्यामुळे तिथे इंडिकेटिव्ह आहे.

आता काळ. तुमचे तिसरे वाक्य मी सर्वांत आधी घेते, कारण त्यात मराठी पुन्हा मदतीला येते. 'तू आलास तर मला आवडेल' असे म्हणताना येणे अजून व्हायचे आहे, तरी आपण 'आलास' असे भूतकाळी रूप वापरतो. स्पॅनिशही तेच करते: 'मे गुस्तारीया के बिन्येरास'. मुख्य वाक्यात 'आवडेल' या अर्थाचे '-रीया' आले की गौण वाक्यात भूतकाळी सब्जंक्टिव्ह येतो. वर्तमानातला आनंद आणि घडून गेलेली गोष्ट असेल तर 'मे आलेग्रो दे के आयास बेनिदो', म्हणजे 'आया' आणि त्यापुढे धातुसाधित. प्रतिक्रियाच भूतकाळातली असेल तर 'मे सोर्प्रेन्द्यो के बिन्येरास', तू आलास याचे मला आश्चर्य वाटले. आणि येणे उद्याचे असेल तर वेगळे भविष्यकाळी रूप शोधू नका. स्पॅनिशमध्ये ते एके काळी होते, आता कायद्याच्या भाषेत आणि म्हणींत तेवढे उरले आहे. रोजच्या बोलण्यात 'बेंगास' आज आणि उद्या दोन्हींसाठी पुरते.

'बिन्येरा' बनवायचे असेल तर 'ते आले' याचे रूप, म्हणजे 'बिन्येरोन', घ्या आणि 'रोन'च्या जागी 'रा' ठेवा. अपवाद एकही नाही. पुस्तकांत 'बिन्येसे' असेही रूप दिसेल. भावना-मतांच्या या वाक्यांत त्याचा अर्थ तोच, फक्त बोलण्यात ते कमी ऐकू येते. वाचताना ओळखता आले म्हणजे पुरे, लिहिताना 'रा'च वापरा.

जाता जाता 'दे' या शब्दाबद्दल. 'मे आलेग्रो दे के' यात 'दे' हवा आणि 'मे आलेग्रा के' यात नको. 'प्येन्सो दे के' असे म्हणणारी माणसे तिथेही आहेत आणि त्यांना शुद्धलेखनवाल्यांकडून आपल्याकडच्याइतकीच बोलणी बसतात. खात्री करायची असेल तर गौण वाक्याच्या जागी 'एसो' हा शब्द ठेवून पाहा: 'मे आलेग्रो दे एसो' म्हणतात, पण 'प्येन्सो एसो' म्हणतात. जिथे 'एसो'ला 'दे' लागतो तिथेच 'के'ला लागतो.

उत्तर ५ (मडगावहून)

मी पोर्तुगीज शिकलो आहे, स्पॅनिश जेमतेम वाचतो, म्हणून एवढेच. पुण्याच्या ताईंनी ज्या भविष्यकाळी सब्जंक्टिव्हला निरोप दिला तो पोर्तुगीजमध्ये अजून रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, त्यामुळे गोव्यातल्या घरच्या पोर्तुगीजवरून स्पॅनिशकडे वळणाऱ्यांनी तो सोबत नेऊ नये. भावना-मतांची विभागणी मात्र दोन्हीकडे जवळपास सारखीच आहे.

'ओखाला'चा उल्लेख कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटले. हा शब्द स्पेनमधल्या अरबीतून आला, त्यात 'अल्लाची इच्छा असेल तर' हा अर्थ आहे, आणि त्याच्यामागे नेहमीच सब्जंक्टिव्ह येतो: 'ओखाला युएबा', म्हणजे देव करो आणि पाऊस पडो. आपले 'करो', 'पडो', 'होवो' हे रूप स्पॅनिशमध्ये 'के' आणि सब्जंक्टिव्ह यांनीच होते. 'के तेंगास ब्वेन ब्याखे', प्रवास सुखाचा होवो. 'के ते मेखोरेस', लवकर बरे वाटो. इथे मुख्य वाक्यच नाही, ते मनात राहिले आहे.

प्रश्नकर्ती

आता मी स्वतः चार वाक्ये रचली आहेत, कृपया तपासावीत.

'मे दा राब्या के ला खेन्ते तिरे बासुरा आल रीओ.' लोक नदीत कचरा टाकतात याचा मला राग येतो. (गोदावरीच्या काठी राहणारीला हे वाक्य सुचायला वेळ लागला नाही.)

'मे पारेसे के आओरा युएबे मेनोस.' हल्ली पाऊस कमी पडतो असे मला वाटते.

'मे एन्कान्ता के मी आब्वेला मे क्वेन्ता इस्तोर्यास.' आजी मला गोष्टी सांगते हे मला फार आवडते.

'मे आलेग्रो दे के यो आया आप्रोबादो.' मी उत्तीर्ण झाले याचा मला आनंद आहे.

उत्तर ६ (पुण्याहून)

पहिली दोन निर्दोष. दुसऱ्यात 'असे वाटते' आहे आणि नकार नाही, म्हणून 'युएबे' योग्य.

तिसऱ्यात 'हे आवडते' आले, म्हणून 'क्वेन्ता'चे 'क्वेन्ते' करा. इथे जपायला हवे, कारण घाईत बोलताना 'आर'च्या क्रियापदांतला हा 'आ' आणि 'ए' यांचा फरक आपल्याच कानाला ऐकू येत नाही. मी विद्यार्थ्यांना 'क्वेन्ता, क्वेन्ते' अशा जोड्या मोठ्याने म्हणायला लावते.

चौथ्यात रूप बरोबर आहे, रचना नाही. आनंदही तुमचा आणि उत्तीर्ण होणेही तुमचे, मग 'के' नको: 'मे आलेग्रो दे आबेर आप्रोबादो'. हेच तुमच्या आजी तुम्हाला म्हणणार असतील तर मात्र कर्ते दोन झाले, आणि त्या 'मे आलेग्रो दे के आयास आप्रोबादो' असे म्हणतील.